तिसरी कॅपही परत आली

१

बाईंनी आरसा हातात घेतला, ओठ उघडले आणि लगेच मिटून घेतले.

बस्स, एवढंच. पण दवाखान्याच्या दारात हेल्मेट काखेत मारून उभ्या असलेल्या भिंगरीला कळायचं ते कळलं. तिसरी कॅपही गेली!

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नाही. दिवसभर स्कूटरवरून गरागरा फिरते आणि तोंडही तसंच फिरत असतं, म्हणून भिंगरी. तिच्या मामाची दात बनवायची लॅब आहे. दवाखान्यातून दाताचं माप न्यायचं आणि मामाने बनवलेली कॅप डबीतून आणून द्यायची, हे भिंगरीचं काम. डॉक्टर कॅप बसवत असले की ही दारात रेंगाळणार म्हणजे रेंगाळणारच. मामाचं काम कुणाच्या तरी तोंडात जाताना बघायला तिला जाम आवडायचं.

पण आज नाही. बाई तीन महिन्यांपूर्वी शाळेच्या जिन्यात पडल्या होत्या आणि वरचा समोरचा दात अर्धा तुटला होता. डॉक्टरांनी उरलेला दात घासून बारीक केला, माप घेतलं आणि मामाने त्यावर कॅप बनवली. बसायला एकदम चपखल! पण रंग? शेजारचे सगळे दात जुन्या पुस्तकाच्या पानासारखे, आणि मधोमध ही एकटी ट्यूबलाइट. म्हणून दुसरी बनवली. तीही ट्यूबलाइट. आणि आता ही तिसरी.

"काढा डॉक्टर," बाई तोंडावर हात धरून म्हणाल्या. "तात्पुरती आहे तीच लावा परत."

"बाई, अजून एकदा आपण..."

"माझ्या वर्गातल्या मुलांना ऐकू येत नाही हो. ती माझे ओठ वाचून शिकतात. मी हात असा धरला, की त्यांचा तास संपला! आणि नाही धरला, तर सगळी मुलं त्या दाताकडेच बघत बसतात." त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. "एका मुलीने माझं चित्र काढलंय. बघा."

चित्रात बाईंचे केस होते, चष्मा होता, साडीवरचे ठिपकेसुद्धा होते. आणि तोंडाच्या जागी एक हात होता.

डॉक्टरांनी मुकाट्याने तात्पुरती कॅप परत बसवली.

बाई गेल्यावर डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. "मामांना सांग, शनिवारी चार वाजता मी मशीनवर कॅप काढणाऱ्या त्या मशीनवाल्यांबरोबर करार करतोय. पंधरा वर्षं तुझ्या मामांनी मला मान खाली घालायला लावली नव्हती. पण आता त्यांचे डोळे गेलेत."

"डोळे नाही गेलेले! तुम्हीच रंग चुकीचा सांगत असाल."

डॉक्टर चिडले नाहीत, हेच वाईट झालं. त्यांनी शांतपणे मोबाइल पुढे केला. "हा बाईंचा शेजारचा दात. त्याला टेकवून धरलेली ही शेडची पट्टी, दोन नंबरची. फरक दिसतोय? शोधून दाखव."

शेडच्या पट्ट्या म्हणजे काडीवर लावलेले सोळा नकली दात, एकाहून एक पिवळट. दाताशी जुळेल त्या पट्टीचा नंबर मामाला कळवायचा असतो. भिंगरीने फोटो मोठा करून करून पाहिला. बाईंचे सुकलेले ओठ दिसले, कोपऱ्यात चिकटलेला कापसाचा धागा दिसला. पण पट्टी आणि शेजारचा दात? जुळी भावंडं! काडी नसती तर कुठली पट्टी आणि कुठला दात ते सांगता आलं नसतं.

आज गुरुवार. मामाचं जवळजवळ सगळं काम याच दवाखान्याचं. शनिवारी सही झाली की लॅबला कुलूप.

२

मामाची लॅब म्हणजे चपलांच्या दुकानावरची एक खोली. एक लांब टेबल, एक भट्टी, खिडकीला लागून मामाचं स्टूल आणि जिकडे तिकडे प्लास्टरचे जबडे. सगळे आ वासून.

"परत आली?" मामाने मान वर न करता विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"जिना चढताना तू गात नव्हतीस."

मामाने डबी उघडली आणि कॅप तळहातावर घेतली. मग नेहमीसारखी त्याची ती गंमत केली. शेजारच्या वाटीतल्या पाण्यात कॅप बुडवली, दोन नंबरची पट्टीही बुडवली, आणि दोन्ही खिडकीशी धरून पाहिल्या. लहानपणापासून भिंगरी ते बघत आली होती. का बुडवतो, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"दोन म्हणाले, दोनच दिलाय," मामा म्हणाला. "पण डॉक्टर खोटं बोलणारा माणूस नाही. म्हणजे मीच चुकत असेन." आणि तो उठून हात धुवायला गेला.

माणूस भांडला असता तर बरं वाटलं असतं! कागद शोधायला म्हणून भिंगरीने त्याचा खण ओढला.

आत डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली होती. खाली डोळ्यांच्या हॉस्पिटलचं कार्ड. डावा डोळा, मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख दोनदा खोडून पुढे ढकललेली.

३

"हे काय आहे, मामा?"

मामा ओल्या हातांनीच थांबला. "मामीला सांगू नकोस."

"मामीचं सोड! डॉक्टरांना कळलं तर?"

"म्हणूनच लपवलं ना, बाळ. दातवाल्याचा डोळा गेला असं एकदा पसरलं, की संपलं. पण उजवा टकटकीत आहे माझा. रंग मी त्यानेच बघतो."

भिंगरीचा मामावर जीव होता. पण जीव आहे म्हणून डोळे झाकायचे, असं तिचं नव्हतं. तिने सोळाच्या सोळा पट्ट्या काढल्या, नंबरांवर चिकटपट्टी लावली, पत्त्यांसारख्या पिसल्या आणि टेबलावर पसरल्या.

"लाव ओळीने."

"माझी परीक्षा घेतेस?"

"हो. नापास झालास तर मीच जाऊन डॉक्टरांची माफी मागते."

मामा स्टूलवर बसला. एकेक पट्टी पाण्यात बुडवायची, उजेडात धरायची आणि ठेवायची. एकदा फक्त नऊ आणि दहापाशी थबकला, जागा बदलली, परत पहिल्यासारखी ठेवली. भिंगरीने चिकटपट्ट्या सोलल्या. एक, दोन, तीन, चार... थेट सोळा. एकही चूक नाही!

मग ती परत आलेली कॅप घेऊन खाली गेली. चपलांच्या दुकानदाराला दाखवली, त्याच्या बायकोला दाखवली, चपला घ्यायला आलेल्या एका आजोबांनाही दाखवली. सगळ्यांनी एकच सांगितलं. कॅप आणि दोन नंबरची पट्टी सारखी.

जिन्यात बसून तिने डोकं धरलं. फोटोत दात आणि पट्टी सारखे. हातात पट्टी आणि कॅप सारखे. मग कॅप आणि दात वेगळे कसे? दोन्ही बहिणी आईसारख्या दिसतात, पण एकमेकींसारख्या दिसत नाहीत, असं कुठे असतं का?

दात, पट्टी आणि कॅप, या तिघांपैकी कुणीतरी खोटं बोलत होतं.

४

पहिला संशय दवाखान्यातल्या नव्या सिस्टरवर. का? कारण ती आली तीन महिन्यांपूर्वी, आणि भानगड सुरू झाली तीन महिन्यांपूर्वी. शुक्रवारी सकाळी भिंगरी दवाखान्यात पोचली तेव्हा सिस्टर बेसिनपाशी पट्ट्या धूत होती. कसल्याशा निळ्या औषधात घालून, ब्रशने घासून.

"रोज धुता?"

"मग काय तशाच दुसऱ्याच्या तोंडात घालू?" सिस्टर फणकारली.

भिंगरीच्या डोक्यात लख्खकन वीज चमकली. औषधाने पट्ट्यांचा रंग उडाला असेल! दवाखान्यातली दोन नंबर आणि लॅबमधली दोन नंबर वेगळी असेल! तिने मामाचा पट्ट्यांचा जुडगा खिशातून काढला आणि सोळाच्या सोळा जोड्या लावून पाहिल्या.

सगळ्या सारख्या. वीज गेली.

"तुला काय वाटलं, मी मुद्दाम करते?" सिस्टरचे डोळे एकदम भरून आले. "डॉक्टर सांगतात तेवढंच मी करते. सगळं काम आटपलं, की ते म्हणतात, अरे रंग राहिला, पट्टी दे. मी देते. ते फोटो काढतात. जुन्या सिस्टरांच्या वेळी असं कधी झालं नाही, हे मला इथे रोज ऐकायला मिळतं. मलाही माहितीये, मी अवलक्षणी ठरलेय."

भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी हो ताई," ती म्हणाली आणि स्वतःचा रुमाल पुढे केला. त्याला पेट्रोलचा वास येत होता. सिस्टर रडता रडता हसली.

"मला विचारशील तर," तिने नाक पुसत आवाज खाली आणला, "तो मशीनवाला. मंगळवारी मी आत आले, तर तुझ्या मामांनी पाठवलेली बाईंची डबी त्याच्या हातात होती. उघडलेली."

५

मशीनवाला समोरच्या चहाच्या टपरीवर सापडला. टाय, चकचकीत बूट, आणि मधल्या दाताला चहाची पत्ती चिकटलेली.

"बाईंच्या डबीला हात का लावलात?" भिंगरीने सरळ विचारलं.

तो दचकला, मग ओशाळला. "कडा बघत होतो."

"कसल्या कडा?"

"कॅपच्या. आमची मशीन दिवसाला चाळीस काढते. पण हिरडीपाशी या कॅपची कड अशी लागते, की नखसुद्धा अडत नाही! आमच्या सगळ्या लॅबमध्ये एकाला जमत नाही ते. मी फोटो काढला आणि आमच्या साहेबांना पाठवला. विचारलं, हे हाताने कसं करतात?"

"मग कॅप बदलली नाहीत?"

"बदलून ठेवू काय? एवढी चांगली आणू कुठून?"

भिंगरीला त्याला खोटं पाडायचं होतं. मनापासून! पण तो खरं बोलत होता. जाताना ती म्हणाली, "दातात पत्ती अडकलीय." आणि त्याने घाईघाईने तोंडावर हात धरला, अगदी बाईंसारखा.

आता उरलं कोण? डॉक्टर? त्यांना काय मिळणार होतं? दुपारचे तीन वाजले. भिंगरी स्कूटरवर नुसती बसून राहिली. मग सिस्टरचं एक वाक्य तिच्या डोक्यात परत वाजलं. जुन्या सिस्टरांच्या वेळी असं कधी झालं नाही.

मग त्या असं काय करायच्या?

जुन्या सिस्टर आपल्या घराच्या गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. भिंगरीला बघून त्यांना इतका आनंद झाला, की आधी दोन लाडू खावे लागले.

"मी कशाला काही करते?" त्या म्हणाल्या. "पेशंट आला की बिचारा घाबरलेला असतो. मग मी पाणी द्यायचे. खिडकीपाशी उभं करायचे. मुलं काय करतात, जेवलात का, असं काहीबाही विचारायचे. हसला, की पट्टी लावून रंग लिहून टाकायचे. डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत माझं झालेलं असायचं."

"डॉक्टरांना माहीत होतं हे?"

"त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. एवढंसं तर काम. आणि आधी नाही लिहिलं, तर नंतर माझ्या लक्षात राहायचं नाही गं."

बोलता बोलता त्यांनी गच्चीच्या फरशीवर सांडलेल्या पाण्यावरून पाय फिरवला. भिंगरी बघत राहिली. ओली फरशी गडद, करडी. बाजूची कोरडी फरशी उन्हात पांढरीफटक. फरशी तर एकच होती!

तिला मामाची पाण्याची वाटी आठवली. ओठाच्या कोपऱ्यातला कापसाचा धागा आठवला. सुकलेले ओठ आठवले.

तिसरा लाडू तसाच ठेवून ती जिन्याकडे धावली.

६

शनिवार, पावणेचार. मशीनवाल्याने कागद टेबलावर मांडले होते. डॉक्टर पेन शोधत होते. भिंगरी मामाचा दंड धरून आत शिरली. मागून बाई आल्या, तोंडावर हात. त्यांना तिने शाळेतून स्कूटरवर बसवून आणलं होतं.

"डॉक्टर, सही करायच्या आधी माझ्या दाताचा रंग बघा."

"तुझ्या दाताला काय झालं?"

"काही नाही. बघा तर!"

डॉक्टरांनी पट्टी लावली. पाच नंबर. सिस्टरने फोटो काढला. मग भिंगरी ऐटीत खुर्चीत चढून बसली. "आता बाईंना घालता तसंच सगळं घाला. कापूस, ओठ बाजूला धरायची ती कडी, सगळं. आणि पंधरा मिनिटं हात लावू नका."

"अगं, पण कशासाठी?"

तोपर्यंत सिस्टरने कडी घातलीही होती. भिंगरीला बोलता येईना. तोंड सताड उघडं, गालात कापूस, आणि वरून पंख्याचा वारा. पंधरा मिनिटं! जन्मात ती इतका वेळ गप्प बसली नव्हती. मध्येच तिने "आँ... ऊँ..." करून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मामा म्हणाला, "डॉक्टर, दर आठवड्याला करत जा हे." बाईसुद्धा हाताआड हसल्या.

चार वाजून गेले. भिंगरीने घड्याळाकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी पुन्हा पाच नंबर लावला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाच नंबर आता मळकट दिसत होता. चार लावला. नाही. तीन लावला.

जुळी भावंडं.

त्यांनी आधीचा फोटो बघितला, परत दात बघितला, परत फोटो बघितला. मग ते हळूच खुर्चीच्या कडेवर टेकले. सिस्टरने कडी काढली आणि धरणाचं दार उघडावं तशी भिंगरी सुटली.

"दात! दातच खोटं बोलत होता! तोंड तासभर उघडं राहिलं की दात सुकतो, आणि सुकला की पांढरा पडतो. फरशीसारखा! तुम्ही सगळं काम झाल्यावर रंग बघता, म्हणजे सुकलेल्या दाताचा बघता. मामा बरोबर तोच रंग बनवतो. मग बाई दुसऱ्या वेळी ओल्या तोंडाने येतात, आणि कॅप ट्यूबलाइट! जुन्या सिस्टर आधी पाणी द्यायच्या, हसवायच्या आणि लगेच रंग लिहायच्या. त्यांनाही माहीत नव्हतं, त्या काय सांभाळतायत ते. त्या गेल्या आणि ते काम कुणाकडेच आलं नाही. पट्टी खरी, मामा खरा, तुम्हीपण खरे!"

डॉक्टरांनी पाच नंबरची पट्टी बोटांत फिरवली.

"कॉलेजात शिकवलं होतं हे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "पहिल्या वर्षाला. आणि नंतर पंधरा वर्षं माझ्यावर ती वेळच आली नाही, कारण ते आयतं होत होतं." ते उठून मामासमोर उभे राहिले. "तीन महिने मी सगळ्यांना सांगत फिरलो, की तुमचे डोळे गेले."

मामाने घसा खाकरला. "डॉक्टर, एक गेलाय. डावा. मी लपवलं."

भिंगरीने मामाचा दंड दाबला. आत्ताच सांगायची काय गरज होती!

डॉक्टरांनी कराराचे कागद बाजूला सारले. "मग ऑपरेशन करून घ्या ना! तोवर काम थांबवून ठेवतो. पण बाईंचा दात आधी."

मशीनवाला कागद गोळा करत होता. "दाढांचं काम तरी आमच्याकडे द्या," तो म्हणाला. "आणि समोरच्या दातांच्या कडा कशा करतात, ते शिकायला कधी येऊ, मामा?"

"टाय सोडून ये," मामा म्हणाला. "भट्टीत अडकेल."

सिस्टरने तोवर पाण्याचा ग्लास भरला होता. "बाई, चूळ भरा आणि इथे खिडकीशी या," ती म्हणाली. "जेवलात का?"

बाईंनी हात खाली घेतला. पट्टी लागली ती चार नंबरची.

७

चौथी कॅप डबीतून गेली आणि परत आली नाही.

महिन्याभराने भिंगरी गात गात लॅबचा जिना चढली. मामा स्टूलवर बसला होता, ऑपरेशन होऊन दहा दिवस झालेले, काळा चष्मा कपाळावर. भिंतीवरच्या डागांपासून ते मामीच्या पांढऱ्या केसांपर्यंत सगळं त्याला आता नको इतकं स्पष्ट दिसत होतं, आणि तो ते बोलूनही दाखवत होता.

"बाईंनी पाठवलंय," भिंगरीने कागद पुढे केला. "त्याच मुलीने काढलंय."

चित्रात बाईंचे केस होते, चष्मा होता, साडीवर ठिपके होते. हात दोन्ही बाजूंना लांब पसरलेले. आणि तोंड? या कानापासून त्या कानापर्यंत! त्यात दातच दात, मावत नव्हते तरी कोंबलेले. सगळे एकाच पिवळ्या पेन्सिलीने रंगवलेले, अगदी एकसारखे.

मामाने कागद खिडकीशी धरला. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं. ओठ हलत होते, बहुतेक मोजत होता.

"अडतीस काढलेत," तो म्हणाला. मग कागद भट्टीच्या वर, सगळ्यांना दिसेल असा चिकटवला आणि पुढचं माप हातात घेतलं. "पण शेड बरोबर आहे."